लेथचं हँडव्हील सैल, गेटची पिन अडली

ए-३०२, सकाळी ७:५२
मास्तर, उठलात का? गेटच्या रोलरची पिन काल रात्री लेथवर बिघडली माझ्याकडून. २०.१५ एमएम जाडीची होती, १९.९५ ला आणायची होती. डायलवर दोनदा ०.१० आत घेतलं, टूल लागलंच नाही. तिसऱ्यांदा ०.१५ घेतलं आणि ते सगळंच्या सगळं गेलं. मोजली तर १९.८५, कारण टूल ०.१५ आत गेलं की जाडी दुप्पट, ०.३० ने कमी होते. टूल आतबाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडव्हील (फिरवायचं चाक) हाताला सैल लागतंय. मागचा नट आवळू का?

बी-१०१, सकाळी ८:०५
आवळू नका! चाक सैल म्हणजे तीन वेगळे रोग असतात आणि तिघांचं औषध वेगळं. आधी मशीनचा प्लग काढा.
चाकाच्या मधल्या भागावरून शाफ्टच्या टोकावर मार्करने एक सरळ रेघ मारा. स्लाइड हाताने दाबून धरा आणि चाक फिरवा. रेघ तुटली, तर चाक शाफ्टवर घसरतंय.
रेघ जुळलेली राहिली, पण चाक धरून पुढेमागे ओढलं की हलतं, तर तो शाफ्टच्या लांबीतला खेळ. तो चाकामागच्या नटाने जातो.
आणि चाक, स्क्रू दोन्ही फिरतात पण स्लाइड उशिरा निघते, तर बॅकलॅश. थोडा बॅकलॅश नव्या मशीनलाही असतो. त्याला घाबरायचं नाही.
तुमच्या आकड्यांवरून मला पहिलाच वाटतो. डायल चाकाबरोबर फिरली, स्क्रू जागचा हलला नाही.

सी-२०४, सकाळी ८:११
मास्तर बरोबर. आमच्या कुंडईच्या कारखान्यात जुन्या लेथवर हेच झालं होतं. दादा, लाल लॉकटाइट (आटे चिकटवणारा द्रव) घालून टाका, आयुष्यात हलणार नाही.

बी-१०१, सकाळी ८:१४
बाब, लाल नको. उद्या चाक काढायचं झालं तर ते बर्नरने तापवावं लागेल, आणि शेजारी डायल आहे. निळं पुरे, ते हातच्या पान्याने सुटतं.

सेक्रेटरी, सकाळी ८:३०
चतुर्थीला पाहुणे यायला लागतील, गेट तोवर व्हायला हवं. पिन बाहेरून करून आणू का?

ए-३०२, सकाळी ८:३३
दोन दिवस द्या. हे काम मी घेतलंय, मलाच पुरं करायचंय.

ए-३०२, दुपारी १:२०
रेघ तुटली. चाक शाफ्टला अडकवणारी चावी (खाचेतली पट्टी) नाहीच, एका एम५ ग्रब स्क्रूवर (बिनडोक्याचा, ५ एमएमचा स्क्रू) सगळं अवलंबून. तो निम्मा सुटला होता. चाक मात्र निघत नाही, मध्येच अडकतंय.

बी-१०१, दुपारी १:३१
ठोकू नका! ग्रब स्क्रूने शाफ्टवर ओरखडा काढून कड वर उचललीय, ती भोकात अडकते. शिवाय चार महिन्यांच्या पावसात आपल्याकडे उघड्या लोखंडाला गंज धरतोच. पातळ तेल सोडा, अर्धा तास थांबा, मग चाक गोल फिरवत फिरवत बाहेर ओढा. निघालं की ती कड बारीक कानशीने उतरवा. कडेपुरतीच. शाफ्ट कमी झाला तर चाक कायमचं डुगडुगेल.
मग मुख्य काम. गुळगुळीत गोल शाफ्टवर स्क्रूचं टोक धरणार कुठे? चाक जागेवर बसवा आणि त्याच स्क्रूच्या भोकातून ४ एमएमचा ड्रिल घालून शाफ्टवर छोटा खळगा पाडा, मिलिमीटरभर. एम५च्या आट्यांतून ४चा ड्रिल सहज जातो, आटे बिघडत नाहीत. चुरा पुसा, तेल थिनरने धुवा, तेलकट आट्यांवर लॉकटाइट धरत नाही. टोकदार ग्रब स्क्रू निळ्या लॉकटाइटने आवळा. भोक खोल असेल तर त्याच्या मागून दुसरा ग्रब स्क्रू घाला, म्हणजे पहिला मागे येणार नाही. अ‍ॅलन की २.५ची.

बी-३०३ काकी, दुपारी २:०२
ड्रिल चारनंतर मारा हां, बाळ आत्ताच निजलंय.

ए-३०२, दुपारी २:०४
हो काकी, चारनंतरच.

ए-३०२, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६:४०
मास्तर, रात्रभर ठेवून आज नव्या तुकड्यावर पिन केली. रेघ जुळलेली. चाक पुढेमागे हलत होतं तेही नटाने घालवलं, आता बोटाने फिरतं. बॅकलॅश आहे थोडा.

बी-१०१, संध्याकाळी ६:४६
तो राहू दे. नेहमी अर्धा फेरा मागे जाऊन पुढे येत आकड्यावर थांबायचं. आकडा ओलांडला तर तेवढंच मागे घेऊ नका, पुन्हा अर्धा फेरा मागे जा. त्या खेळासाठी स्लाइडखालचा, स्क्रूवर चालणारा दुसरा नट घट्ट करण्याच्या फंदात पडू नका. स्क्रू मधल्या भागात जास्त झिजतो, तिथे बसवलेला नट टोकाला जाऊन अडकेल.
पिन किती आली?

ए-३०२, संध्याकाळी ६:४८
१९.९५. बुशात हाताने सरकते, डुगडुगत नाही.

सेक्रेटरी, संध्याकाळी ६:५५
उत्तम! उद्या सकाळी सातला गेट उचलायला चार जण हवेत.

सी-२०४, संध्याकाळी ६:५६
मी आहे. साडेआठच्या बसआधी होईल ना?