मदत हवी आहे: ॲसिट्रोम (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असताना गुडघ्यांना वेदनाशामक जेल चालतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोलीला असतो. आई ७१ वर्षांची, मेटलचा मायट्रल व्हॉल्व्ह बसवलाय, त्यामुळे ॲसिट्रोम कायमची. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वाढला तर रक्तस्रावाची भीती) २.५ ते ३.५ ठेवायला सांगितलाय. बीपीला टेल्मिसार्टन, त्याच गोळीत लघवीचं औषधही आहे.

दुखण्याच्या गोळ्यांना डॉक्टरांची सक्त मनाई, तेवढी ती पाळते. पण चवथ (गणेश चतुर्थी) आली, जमिनीवर बसून नेवऱ्या (करंज्या) झाल्या, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या मांडवीचं) सामान निवडून झालं, गुडघे सुजले. शेजारच्या वहिनींनी जेलची नळी दिली. आता तीन वेळा दोन्ही गुडघे, कंबर, वर घट्ट पट्टा, त्यावर गरम पाण्याची पिशवी. काही बोललं की, "पोटात कुठे घेते मी? वरच्यावर तर लावते!" नळीवर बारीक अक्षरात डायक्लोफेनॅक, मिथाइल सॅलिसिलेट, मेंथॉल. काल दंडावर रुपयाएवढा काळानिळा डाग दिसला. ओट्याला लागलं असेल म्हणते. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी आहे आणि डॉक्टर सणाला गावी गेलेत. तोवर थांबू का?

उत्तर (फोंडा, फार्मसीत आहे): थांबू नका. जेल आजच बंद करा आणि उद्या सकाळी आयएनआर करून घ्या. डायक्लोफेनॅक कातडीतून गोळीच्या मानाने साधारण ६ टक्केच रक्तात जातं, त्याची मला कमी काळजी. मिथाइल सॅलिसिलेट मात्र ॲस्पिरिनच्याच कुळातलं. वॉरफरिनवाल्यांनी ते भरपूर चोळल्यावर आयएनआर चढल्याच्या नोंदी आहेत आणि ॲसिट्रोम त्याच जातीचं औषध. पट्टा आणि शेक यांनी ते आणखी मुरतं. ॲसिट्रोमचा डोस मनाने बदलू नका, रिपोर्ट आला की डॉक्टरांना फोन करा, सण असला तरी. काळी शौच, लाल लघवी, हिरड्यांतून रक्त किंवा डोक्याला मार लागला, तर थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत. पॅरासिटामॉलही विचारूनच द्या, रोज दोन ग्रॅमच्या वर काही दिवस घेतलं तर आयएनआर वाढू शकतो. बीपीची ती गोळी असल्याने क्रिएटिनिनही (किडनीची तपासणी) त्याच रक्तात करून टाका.

मूळ धागालेखक: मनापासून आभार, सकाळीच लॅबला नेतो. जेल काढून घेतलं तर आता आयुर्वेदिक बामाची बाटली मागतेय, ती तरी देऊ ना?

उत्तर (फोंडा): बाटलीवर गंधपुऱ्याचं तेल लिहिलंय का बघा. असेल तर देऊ नका, त्यातही मुख्यतः मिथाइल सॅलिसिलेटच असतं.