न्यूट्रिनो आणि मेणाचा गुडघा

श्रद्धा आणि विज्ञानाच्या या चर्चेत एकाने लिहिलंय की इलेक्ट्रॉनही दिसत नाही, मग देव मानायला काय हरकत? त्यावर दुसऱ्याचं उत्तर, श्रद्धा म्हणजे डोळे मिटून घेणं. मी वांद्र्याचा, कॅथलिक घरातला. मला दोन्ही पटलं नाही.

न्यूट्रिनोचं घ्या, डोळ्यांना न दिसणारा एक अतिसूक्ष्म कण. बीटा क्षयात (अणूच्या केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा) ऊर्जेचा हिशेब जुळेना, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने १९३० साली हा कण कल्पिला. सापडला १९५६ मध्ये. मधली २६ वर्षं तो कागदावरच होता, पण नसता सापडला तर कधीतरी सोडून द्यावा लागला असता. (१९६५ साली आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले. मुंबईकरांना याचा अभिमान हवा.)

माझ्या आईने सप्टेंबरच्या जत्रेत मोत माउलीला (वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमधल्या मारियामातेला) मेणाचा गुडघा वाहिला होता, बाबांच्या दुखण्यासाठी. पिवळट, तळहाताएवढा, उन्हाने जरा मऊ झालेला. बाबांचा गुडघा काही बरा झाला नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा रांगेत उभी होती. ती प्रयोग करत नव्हती. आपल्या माणसावर टाकावा तसा भरवसा टाकत होती. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात श्रद्धेला न दिसणाऱ्या गोष्टींची खातरी म्हटलंय, ती मला अशी समजते. त्यासाठी इलेक्ट्रॉनची साक्ष काढायची गरज नाही.

आणि डोळे मिटण्याबद्दल: येशू मरणातून उठला यावर त्याचा शिष्य थोमाने शंका घेतली तेव्हा येशूने त्याला हाकललं नाही, जखमांना हात लावून बघ म्हणाला.