मदत हवी आहे : बायबलमधील बहुपत्नीत्व आणि समलैंगिकतेवरील वाद

आमच्या मंडळीतील बायबल अभ्यासवर्गासाठी टिपण तयार करताना मी एका मुद्द्यापाशी अडलो आहे. विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, हे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातील २:२४ या वचनावरून सांगितले जाते. परंतु याकोबाला लेआ व राहेल अशा दोन बायका होत्या, आणि अनुवाद या पुस्तकातील २१:१५-१७ मध्ये तर दोन बायका असलेल्या माणसाने ज्येष्ठत्वाचा हक्क कोणत्या मुलाला द्यावा याचा नियमच आहे. ‘शास्त्राने हे केवळ वर्णिले, मान्य केले नाही’ हे नेहमीचे उत्तर त्या नियमापुढे मला अपुरे वाटते.

मला हिब्रू येत नाही, तरी शब्दकोश घेऊन लेवीय १८:१८ तपासले; बायको जिवंत असताना तिच्या बहिणीला सवत म्हणून आणू नये, असे ते वचन आहे. तेथील ‘बहीण’ असलेला शब्दप्रयोग निर्गम २६:३ मध्ये एकमेकांना जोडलेल्या पडद्यांसाठी, म्हणजे ‘एकाला दुसरा’ अशा अर्थाने येतो, म्हणून काही अभ्यासक या वचनात बहुपत्नीत्वाचीच मनाई वाचतात. समलिंगी संबंधांची मनाई तेथून चारच वचने पुढे आहे.

अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने १८८८ मध्ये बहुपत्नीक पुरुषाला बाप्तिस्मा (ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा विधी) नाकारला. १९८८ मध्ये मात्र, सोडून दिलेल्या बायकांची होणारी परवड लक्षात घेऊन, त्यांना सोडायला न लावता, पुन्हा लग्न न करण्याच्या अटीवर तो देऊ केला. १९९८ मध्ये त्याच परिषदेने समलिंगी आचरण शास्त्राशी विसंगत ठरविले. हे तिन्ही ठराव मी वाचले आहेत.

कोणती बाजू बरोबर, हे मला येथे विचारायचे नाही. १९८८ ची सवलत समलिंगी जोडप्यांना लागू होत नाही असे मानणारे धर्मशास्त्री हा भेद नेमक्या कोणत्या वचनांच्या आधारे करतात, आणि त्यावर दुसऱ्या बाजूचे सर्वांत भक्कम उत्तर कोणते?