माशांऐवजी आर्टेमियावर विषाक्तता-चाचणी कितपत ग्राह्य?

प्रश्न (मीठपाणी)
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला कपडे धुण्याच्या पावडरींची सागरी जीवांवरील विषाक्तता तपासायची आहे. माशांना ९६ तास द्रावणात ठेवून त्यांतले किती मेले हे मोजत बसणे मनाला पटत नाही, म्हणून आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला चिमुकला कोळंबीवर्गीय जीव वापरावा असा विचार आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकेल का?

उत्तर (खाडीकाठ)
टिकेल, पण पिल्लांच्या वयाकडे लक्ष द्यावे लागेल. आर्टेमियाची सुप्त अंडी शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात आणि हवा सोडलेल्या खाऱ्या पाण्यात, सुमारे २८ अंशांना, साधारण २४ तासांत फुटतात. नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे तोंड बंद असते व ते अंगच्या बलकावर जगते. पहिली कात टाकल्यावरच ते पाण्यातले कण गिळू लागते आणि अधिक संवेदनशील होते. दोन्ही वयांची पिल्ले मिसळलीत, तर आकड्यांत पावडरीऐवजी वयाचाच फरक उमटेल. तुलनेसाठी पोटॅशियम डायक्रोमेट या, विषारीपणा आधीच माहीत असलेल्या रसायनाच्या वाढत्या मात्रांची मालिकाही सोबत लावावी.

उत्तर (कालव)
माझा आक्षेप निराळा आहे. आर्टेमिया हा मिठागरांतला आणि खाऱ्या सरोवरांतला काटक जीव, त्यामुळे त्याला न मारणारे द्रावण समुद्राला निर्धोक असेलच असे नाही. शिवाय मृत्यू हा फारच ढोबळ निकष आहे. त्यापेक्षा कालवाची किंवा सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याची फलित अंडी घेऊन भ्रूणाची वाढ बिघडते का, हे पाहावे. कालवाची अळी एक-दोन दिवसांत इंग्रजी डी अक्षरासारखी झाली नाही, तर सूक्ष्मदर्शकाखाली ते लगेच कळते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची नवी पिढी धरेना आणि मोठ्यांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले, तेव्हा बोटींच्या बुडाला लावायच्या रंगातील ट्रायब्युटिलटिन हे रसायन दोषी ठरले, आणि १९८२ मध्ये तिथे लहान बोटींवर त्या रंगाला बंदी आली. काही समुद्री गोगलगायींत तर या रसायनाच्या लिटरमागे काही नॅनोग्रॅम मात्रेनेही मादीला नराचे अवयव फुटतात. एवढ्या मात्रेला मासे चार दिवसांत मरत नाहीत, म्हणजे केवळ त्यांच्या मृत्यूवर विसंबून हा धोका दिसलाच नसता.

मीठपाणी
आभारी आहे. मग हीच पावडर माणसासाठी सुरक्षित आहे, असेही म्हणता येईल का?

खाडीकाठ
नाही. कोळंबीवर्गीय जीवाला आपल्यासारखे यकृत नसते, त्यामुळे शरीरात गेल्यावर रसायनाचे पुढे काय होते हे त्यावरून ठरत नाही. निष्कर्ष सागरी जीवांपुरताच लिहावा. वनस्पतींच्या अर्काने आर्टेमिया मेला, एवढ्यावरून कर्करोगावर औषध सापडल्याचे सुचवणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. तुमच्या प्रबंधात तसले वाक्य नसावे.