१९७२चा न्यूयॉर्क सबवे नकाशा: आवृत्ती कशी ओळखायची?

नकाशावेडी (जर्सी सिटी):
जुन्या पुस्तकांच्या दुकानात डिझायनर मासिमो विन्येलींचा सबवे (भुयारी रेल्वे) नकाशा मिळाला! प्रत्येक मार्गाला स्वतंत्र रंगाची पट्टी, वळणं फक्त ४५ आणि ९० अंशांत. घड्यांवर कागद विरलाय, पण रंग टवटवीत आहेत. पहिली आवृत्ती की नंतरची, कसं कळेल? आणि इतका देखणा नकाशा १९७९मध्ये बदलला तरी का?

जुनाकागद:
ताई, घबाड लागलंय हाती! आधी छापलेलं साल शोधा. ७२नंतरही सुधारित आवृत्त्या निघाल्या. घड्यांवर चिकटपट्टी मात्र अजिबात लावू नका, कागद कायमचा पिवळा पडतो.

रूळकरी:
बदलला तो भूगोलापायी. सेंट्रल पार्क बघा, लांबट असूनही जवळपास चौकोनी, आणि रंग करडा. पाणीसुद्धा निळं नाही. ५०व्या रस्त्यावर ब्रॉडवे मार्गाचं स्थानक आठव्या अव्हेन्यूच्या पश्चिमेला दाखवलंय, प्रत्यक्षात ते पूर्वेला आहे. वर रस्त्यावर आल्यावर माणूस चक्रावणारच. मग जॉन टॉरानॅक यांची समिती आणि मायकेल हर्ट्झ यांची कंपनी यांनी भूगोलाला धरून नवा नकाशा केला. तरी माझ्या लेखी विन्येलींचाच सरस. गाडी कुठे बदलायची, ते एका नजरेत कळतं.

नकाशावेडी:
५०वा रस्ता भिंगातून पाहिला, अगदी तस्संच आहे! साल आता शोधते.