यंदाचं आवडतं पुस्तक मोठ्याने वाचलं, वहीत ते कुणाच्या नावावर मांडू?

सांगेकरीण

नमस्कार मंडळी. डिसेंबर आला की मी माझी वाचनाची वही घेऊन बसते. बावीस वर्षांची सवय आहे. पुस्तकाचं नाव, सुरू केलं तो दिवस, संपलं तो दिवस, आणि खाली एकच ओळ. दरवर्षी तीस-पस्तीस नावं सहज होतात. यंदा सात झाली. त्यातल्या सातव्याबद्दल तुम्हाला विचारायचं आहे, पण आधी थोडं सांगावं लागेल.

माझे बाबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि दोन वर्षांपूर्वी मी त्यांना मडगावला माझ्याकडे आणलं. ते मूळचे कुर्डीचे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कुर्डी हा सांगे तालुक्यातला गाव, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेला. मोगूबाई कुर्डीकरांच्या नावातलं कुर्डी ते हेच. ऐंशीच्या दशकात माणसं वाडे आणि वालकिणी इथल्या पुनर्वसन वसाहतींत आली. महादेवाचं जुनं देऊळ दगड न् दगड सोडवून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभं केलं. माणसांची घरं तशी नेता येत नाहीत. मी तेव्हा लहान होते. मला आठवतो तो फक्त ट्रकच्या हौद्यात उलटा ठेवलेला आमचा पाट. मडगावच्या नळाला आज साळावलीचंच पाणी येतं, आणि सकाळी तोंड धुताना बाबा अजून म्हणतात, “आमच्या शेतांतलें उदक आयलें.”

बाबा दिवसभर नुसते बसून असायचे. रेडिओ लावला तर बंद करायला सांगायचे. मग फेब्रुवारीत एका संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर मी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ घेऊन त्यांच्या खाटेशेजारी बसले. धरणाखाली गेलेल्या जांभळी गावाची ही कादंबरी. १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर लगेचच, बी.एड. करताना, मी ती चार दिवसांत वाचून संपवली होती. मला वाटायचं, मला ती माहीत आहे.

पहिले दोन दिवस बाबा झोपून गेले. वर्णनं आली की त्यांचं डोकं एका बाजूला कलायचं. मी आवाज चढवला, हळू वाचून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. मग कचेऱ्यांची पानं आली. भरपाई, नोंदी, हेलपाटे, कुणाचं नाव यादीत आहे आणि कुणाचं नाही. बी.एड.च्या दिवसांत मी हीच पानं भराभर उलटली होती, कधी एकदा पुन्हा गोष्ट सुरू होते म्हणून. आणि बाबा उशीला टेकून ताठ बसले. “राव. परत वाच गो तें.” राव म्हणजे थांब. मी परत वाचलं. “हें आमचेंच बरयलां,” म्हणाले, हे आमचंच लिहिलंय. मी सांगितलं, बाबा, हा गाव सह्याद्रीच्या पलीकडचा, तिथे उसाचं राजकारण आहे, आपल्याकडे भाटकार म्हणजे जमीनदार आणि कुळांचा प्रश्न होता. त्यांनी हात हलवला. “पयलीं सांग, जमनीचे पयशे मेळ्ळे काय ना?”

तेव्हापासून आमचं वाचन असंच चाललं. एका संध्याकाळी तीन पानं, कधी दीडच. मध्येच थांबवून ते मला विचारत, खैरमोडे गुरुजी आता काय करणार? मी म्हणायची, पुढे कळेल. ते म्हणायचे, पुढचं मला ठाऊक आहे, तू नुसती वाच.

एप्रिलमध्ये एके रात्री म्हणाले, माझ्या ट्रंकेतले कागद काढ. निळी प्लास्टिकची पिशवी होती, तोंड सुतळीने बांधलेलं. आमच्या जागेची भरपाईची यादी. ‘झाडाझडती’ मिटून मी ती यादी मोठ्याने वाचली. माड चौदा. आंबे तीन. काजी नऊ. फणस दोन.

“फणस तीन आशिल्ले,” बाबा म्हणाले. तीन होते.

मी पुन्हा पाहिलं. दोनच लिहिले होते. त्यांनी सांगितलं, तिसरा विहिरीमागे होता, लहान होता, अजून धरत नव्हता, मोजायला आलेल्या माणसाने तो धरलाच नाही. आणि त्या वेळी मी काही बोललो नाही, म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून तिसऱ्या फणसाचं नाव ऐकलं नव्हतं.

मे महिन्यात पाणी उतरलं की कुर्डीकर जुन्या गावातल्या सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात, तिथे यंदाही आम्ही गेलो. पुस्तक पिशवीत होतं. बाबांना ते नको होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून पावलं मोजत ते चालले, दोनदा चुकले, मागे वळले, आणि तिसऱ्या खेपेला विहिरीच्या कठड्याला त्यांची काठी लागली. जोतं उघडं पडलं होतं, सगळीकडे वाळून तडकलेला चिखल. ते पंधरा मिनिटं कठड्याला टेकून उभे राहिले. मी त्यांना काही विचारलं नाही.

पुस्तक श्रावणात संपलं. शेवटचं पान वाचल्यावर बाबांनी हात जोडले. कुर्डीच्या घरी चातुर्मासात पोथी व्हायची, ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, आजोबा वाचत आणि ओटीवर सगळा वाडा ऐकायला. अध्याय संपला की हात जोडायचे ही तेव्हाची सवय. पण कादंबरीला हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

बाकीची सहा पुस्तकं मी रात्री एकटीने वाचली. महाबळेश्वर सैल यांची ‘तांडव’ त्यातली सगळ्यांत मोठी. सोळाव्या शतकात गोव्यातल्या धर्मांतरांनी उलटीपालटी झालेल्या गावाची ती गोष्ट, मुळात कोंकणीत ‘युगसांवार’ म्हणून आलेली. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ तिसऱ्यांदा वाचलं, बोटीवरची ती ज्यू मुलगी हेर्टा पहिल्या दोन वाचनांपेक्षा यंदा जास्त एकटी वाटली. ही यादी मी गाव सुटलेल्या माणसांची म्हणून ठरवून केली नव्हती, तशी होत गेली.

आता प्रश्न. एक, मोठ्याने वाचून दाखवलेलं पुस्तक तुम्ही तुमच्या वर्षाच्या वाचनात धरता का, की ते ऐकणाऱ्याचं? दोन, आणि हा खरा प्रश्न: बाबांना पुढे काय वाचून दाखवू? त्यांना वर्णन चालत नाही, बोलणं चालतं. आणि ‘आमचेंच’ वाटायला हवं.

चोडणची फेरी

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा मला अधिकार नाही, मी कुणाला कधीच वाचून दाखवलेलं नाही. रायबंदर-चोडण फेरीबोटीत उभ्याने वाचतो, जाताना आणि येताना, पणजीतली नोकरी सांभाळून वर्षाकाठी दहा-बारा पुस्तकं होतात.

दुसऱ्याचं मात्र पक्कं सांगतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. यंदा माझं सगळ्यांत आवडतं तेच. १९३४ ते १९३७ या काळात ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, त्यामुळे त्यांचं वाक्य शाळेतून आलेलं नाही, तोंडातून आलेलं आहे. फेरीत इंजिनाच्या आवाजात वाचतानासुद्धा मला ते ऐकू येत होतं. नवरा ख्रिस्ती झाला, १८९५ साली, आणि ही बाई मधली काही वर्षं त्याच्यापासून दूर राहिली, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली. मग एकेक पाऊल टाकत ती त्याच्याकडे कशी गेली, हे तिने कुणावर राग न धरता सांगितलंय. घर सुटणं म्हणजे काय हे तिला माहीत होतं. पण रडवत बसत नाही ती. बाबा हसतील, तुम्ही बघा.

पणजीला पाटो भागात आमच्या मध्यवर्ती ग्रंथालयात प्रत आहे, मी तिथूनच आणली होती.

म्हार्दोळचा वाचक

चोडणकरांनी ग्रंथालयाचा विषय काढला म्हणून. १८३२ साली सुरू झालेलं ते ग्रंथालय आज ज्या कृष्णदास शामांच्या नावाने आहे, त्यांनी गोव्यातल्या केळशीत १५२६ साली कृष्णचरित्र ओव्यांत लिहायला घेतलं. ओवी डोळ्यांसाठी नसते, ती ओटीवर बसलेल्या माणसांसाठी असते. तुमच्या आजोबांच्या ‘हरिविजया’पर्यंत ती रीत अखंड चालत आलेली आहे. बाबांनी हात जोडले ते मला अगदी बरोबर वाटलं. तेव्हा वहीत त्यांच्या नावावरच लिहा, वाचणारा निमित्त असतो.

आणि गाव सुटण्याचं म्हणाल तर आमची देवी म्हाळसासुद्धा ‘तांडव’मधल्या त्याच काळात वेर्ण्याहून म्हार्दोळला आलेली, देव मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला. ‘तांडव’ मी दोन वर्षांपूर्वी वाचली, तेव्हा रात्री उठून देवळात जाऊन बसलो होतो.

सुचवायचंच तर ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. लहानशी आहे, तुमच्या दीड-दोन पानांच्या वेगाने महिन्या-दोन महिन्यांत होईल. एक पोरगेलासा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, माणसं आधी त्याला हसतात आणि मग त्याच्याकडेच येतात. त्यात एकही वाक्य जास्तीचं नाही. फक्त एक लक्षात ठेवा, शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी ओस पडते. ते पान कधी वाचायचं ते तुम्ही ठरवा. दिवस चांगला असताना वाचा.

केपेंची काजी

मला थोडं वेगळं म्हणायचंय, रागावू नका. बाबा तुमच्याशी कोंकणीत बोलतात. “फणस तीन आशिल्ले” हे वाक्य मराठीत करून बघा, तसं राहणारच नाही. मग त्यांना मराठीच का वाचून दाखवायचं? आपल्याकडे पोथी मराठीत आणि भांडण कोंकणीत अशी विभागणी होती, आपले आई-बाबा त्यातच वाढले, मला ती मान्य आहे आणि मी स्वतः मराठीच जास्त वाचते. पण एकदा पुंडलीक नायकांची ‘अच्छेव’ त्यांच्यासमोर वाचा. १९७७ सालची. खाण येते आणि शेतातला गाव आतून बदलत जातो, कुणी हाकलून न देता. सांगे-केपेंच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही, आमच्या घरासमोरून वर्षानुवर्षं खनिजाचे ट्रक गेलेत आणि पावसाळ्यात आमचा व्हाळ, म्हणजे ओढा, तांबडा व्हायचा. आणि थोडं मोकळं हवं असेल तर दामोदर मावजोंच्या कथा. त्यांना ज्ञानपीठ मिळालं म्हणून सांगत नाही, त्यांची माणसं बाजारात भेटल्यासारखी बोलतात म्हणून सांगते.

मोजण्याचं म्हणाल तर मी धरते. माझ्या नातीला वाचून दाखवलेली चौदा पुस्तकं यंदाच्या माझ्या यादीत आहेत. ती वाचताना मला तिच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली, एकटीने वाचताना मी कुणाला उत्तर देत नाही.

सांगेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. मला इतक्या आपुलकीची उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. चार दिवस लावले कारण आधी करून बघायचं होतं.

केपेंच्या ताई, रागवू कशाला? तुमचं म्हणणं मला लागलं, आणि बरोबर जागी लागलं. माझ्या शाळेतल्या सहकाऱ्याकडून ‘अच्छेव’ मिळाली. शुक्रवारी रात्री पाच पानं वाचली. बाबा पहिल्यांदा अवघडले. “अशें तर आमी उलयतात,” म्हणाले, असं तर आपण बोलतो, म्हणजे हे पुस्तकात कशाला, असं. त्यांच्या लेखी पुस्तकाचा आवाज मराठी, आजोबांचा. मी वाचत राहिले. तिसऱ्या पानावर त्यांनी माझा एक उच्चार दुरुस्त केला. चौथ्यावर आणखी एक. ‘झाडाझडती’ वाचताना सहा महिन्यांत त्यांनी माझा एकही शब्द दुरुस्त केला नव्हता. तिथे मी मास्तरीण होते, इथे ते. शनिवारी दुपारीच विचारलं, आज कधी वाचणार म्हणून.

म्हणजे आता कोंकणी आणि मराठी आलटून पालटून. ‘अच्छेव’ संपली की ‘स्मृतिचित्रे’, चोडणकर, पुढच्या आठवड्यात पणजीला जाणं आहे तेव्हा आणीन. ‘बनगरवाडी’ पावसाळ्यात, मेमध्ये कुर्डीला जाऊन आल्यावर. आधी नको वाटतं. म्हार्दोळकरांनी ते पान सांगून ठेवलं ते फार बरं केलं, मी ते विसरले होते.

वहीचा निकाल असा लागला. ‘झाडाझडती’ दोघांच्या नावावर लिहिली, बाबांचं नाव आधी. तारखा घातल्या. खालची ओळ काय लिहायची म्हणून बाबांनाच विचारलं. पुस्तकाबद्दल काहीतरी सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी सांगितलं ते तसंच लिहून घेतलं: फणस तीन आशिल्ले.

एक विचारायचं राहिलं. मावजोंच्या कथांपैकी आधी कुठला संग्रह घेऊ?