'डेब्युटान्ट'ला मराठीत काय म्हणाल?

दौत: पहिल्या महायुद्धाआधीच्या लंडनमधल्या बड्या घरच्या मुलींवर एक लेख मराठीत आणतेय. पानोपानी 'डेब्युटान्ट' आणि 'कमिंग आउट'. सतरा-अठराची मुलगी, केस पहिल्यांदाच वर बांधलेले, पांढरा पोशाख, मागे जमिनीवर लोळणारा घोळ, डोक्यात शहामृगाची पिसं. बकिंगहॅम राजवाड्यात राजाराणीसमोर गुडघे टेकते आणि त्या दिवसापासून मेजवान्या, नाच यांना जायला मोकळी. मी 'त्या वर्षी ती बाहेर आली' असं लिहिलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "बाहेरची झाली हे छापायचं कशाला?" म्हणजे ते बाद. 'पदार्पण' म्हटलं की क्रिकेट. सुचवा काहीतरी.

शेवगा: पदार्पणात वाईट काय? क्रिकेटवाल्यांनी शब्द नेला म्हणून आपण सोडायचा का? आणि मूळ फ्रेंच शब्दही खेळातलाच आहे. 'ब्यू' म्हणजे नेम धरायची खूण, त्यावरून 'देब्यूते' म्हणजे डावातली पहिली फेक. 'पदार्पण केलं आणि आउट झाली' असं मात्र लिहू नका :)

टाकबोरू: 'उपवर' हा आपला नेटका शब्द असताना फ्रेंच-इंग्रजी उसनवारी कशासाठी? लंडनचा तो 'सीझन', म्हणजे मेजवान्या-नाचांचा हंगाम, लग्नाचा बाजारच होता. उपवर कन्या. विषय संपला.

दौत: नाही संपला. उपवर मुलगी वयानं होते, त्यासाठी कुणाच्या सहीशिक्क्याची गरज नसते. इथे लॉर्ड चेंबरलेनच्या, म्हणजे राजदरबाराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीकडे नाव जायचं, तेही अशा बाईकडून जिची स्वतःची कधीकाळी दरबारात ओळख करून दिली गेली होती. घटस्फोटितेला दरबाराचं दारच बंद. हे 'उपवर'मध्ये कुठे बसवू?

नर्मदाकाठ: शिवाय दिशा उलटी आहे. आपल्याकडे मुलाकडचे घरी येतात, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आतून बाहेरच्या खोलीपर्यंत येते, बस. तिथे मुलीला सजवून शहरभर फिरवायचे. आई किंवा मावशी रात्री दोनपर्यंत भिंतीकडेच्या खुर्चीत पहाऱ्याला. आपल्याकडे तशी चालच नव्हती, तर शब्द कुठून येणार?

गोटीसोडा: चाल नव्हती कशी? माझी पणजी मखरात बसली होती. नहाण आलं की मखर, हिरवं लुगडं, ओटी, गावजेवण. साऱ्या गावाला कळायचं मुलगी मोठी झाली. हे आपलं कमिंग आउटच की!

नर्मदाकाठ: पणजीचं लग्न मखराच्या आधी झालं होतं की नंतर? आधीच ना? मग ती जाहीर झाली ती सासरी जायला लायक म्हणून. इकडे अजून वराचाच पत्ता नाही. मखर इथे लावलं तर वाचक भलतंच समजेल.

टाकबोरू: बरं, उपवर सोडा. 'दरबारी मुजरा' घ्या. 'त्या वर्षी तिचा मुजरा झाला.' राजाही आला, रिवाजही आला.

शेवगा: आणि डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला कोठाही आला.

टाकबोरू: तो तुमच्या डोळ्यांसमोर. आमच्याकडे मुजरा म्हटलं की महाराजांनाच. हिंदीनं शब्द नासवला म्हणून मराठीनं तो टाकायचा? मघाशी पदार्पणाबाबत तुम्हीच उलट बोलत होता.

नर्मदाकाठ: मुजऱ्यात कमरेतून वाकतात, हात जमिनीकडे नेऊन कपाळाला. यांच्या कर्टसीत पाठ ताठ, मान वर, एक गुडघा दुसऱ्यामागे घालून सावकाश खाली जायचं आणि तोल न जाता वर यायचं. मग घोळात पाय न अडकवता राजाला पाठ न दाखवता मागे सरकायचं. दोन महायुद्धांमधल्या काळात लंडनमध्ये मादाम वकानी एवढंच शिकवायला फी घेत. आणि दौत, 'गुडघे टेकते' नको, 'गुडघा लववते' करा. गुडघे टेकले ते मेरी ब्लूमफील्डनं, जून १९१४ मध्ये. मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या बायकांना नळीनं बळजबरीनं भरवणं थांबवा, असं पाचव्या जॉर्जला तोंडावर म्हणाली. उचलून बाहेर काढली तिला. त्या दरबारात लववणं म्हणजे रिवाज आणि टेकणं म्हणजे बंड.

दौत: 'लववते' केलं. पण मूळ शब्दाचं काय?

पानपट्टी: मुजऱ्याच्या बाजूनं एक मुद्दा. जमाखर्चात 'रक्कम मुजरा दिली' म्हणजे हिशेबात वळती केली, धरली. आता १९३६चा जुलै बघा. आठव्या एडवर्डनं दरबाराऐवजी राजवाड्याच्या बागेत मुलींची रांग लावली. स्वारी कंटाळलेली, त्यात पाऊस. राजेसाहेब उठून आत. उरलेल्या मुली भिजलेल्या पिसांनिशी उभ्या. त्यांना सांगण्यात आलं, तुमची ओळख झाली असं समजलं जाईल. म्हणजे मुजरा न घेताच मुजरा धरला! इतका चपखल शब्द दुसरा सापडणार नाही.

शेवगा: चपखल आहे, पण ही गंमत कळायला वाचक वाणी तरी हवा.

गोटीसोडा: ज्यांचं दोन-तीन सीझनमध्ये जमत नसे त्यांचं काय? घोडनवऱ्या?

नर्मदाकाठ: काही जणी थंडीच्या तोंडावर बोटीनं मुंबईला यायच्या. इकडे गोरे अधिकारी ढीगभर, गोऱ्या मुली मोजक्या. त्या बोटींना इंग्रजच 'फिशिंग फ्लीट' म्हणत, आणि तसंच परतणाऱ्यांना 'रिटर्न्ड एम्प्टीज'. रिकाम्या बाटल्या! आपलं 'घोडनवरी' त्यापुढे मवाळ.

टाकबोरू: घोडनवरीत घोड्याचा संबंध नाही. 'घोड' म्हणजे नको इतकं मोठं. घोडचूक तशीच.

पानपट्टी: संबंध नाही कसा? घोड्याएवढी चूक ती घोडचूक. मोठेपणा आला तो घोड्यावरूनच.

दौत: मंडळी, लेख सोमवारी द्यायचाय. सध्या 'डेब्युटान्ट' तसंच ठेवते आणि पहिल्या ठिकाणी 'दरबारात रुजू झालेली' असं जोडते. चालेल?

टाकबोरू: रुजू नोकर होतात.

गोटीसोडा: घोडनवरा पण असतो हां. आमच्याकडे त्याला बिजवर म्हणत.

नर्मदाकाठ: बिजवर म्हणजे दुसरेपणाचा. वयाचा काय संबंध? घोडनवरा पहिलटकरही असू शकतो.

शेवगा: पहिलटकर बाळंतीण असते हो!